एक चूल, आठ दिवस: नाताळच्या सुट्टीत गावचं घर चालवताना

नाताळची सुट्टी लागली की आमच्या सोसायटीतली निम्मी घरं महाबळेश्वर नाहीतर गोवा गाठतात. आम्ही दौंड ओलांडून भीमेपलीकडं, श्रीगोंद्याच्या बाजूला असलेल्या आमच्या गावच्या घरी जातो. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं न्हाणी, परसात एक शेवगा. वर्षभर कुलूप. २५ डिसेंबरला सकाळी ते उघडतं आणि १ जानेवारीला दुपारी परत लागतं.

पहिल्या वर्षी आम्ही अख्खं शहर उचलून नेलं होतं. छोटा सिलिंडर, विजेचा हीटर, पाण्यात टाकायची कॉइल, पराठ्यांची पाकिटं. पहिल्याच रात्री हीटर आणि कॉइल एकदम लावली आणि फ्यूज उडाला. तिसऱ्या दिवशी सिलिंडर संपला. तो भरायला तालुक्याला जाऊन आलो. शिवाय संध्याकाळी हौस म्हणून अंगणात शेकोटी होतीच. कुंपणापलीकडं माझी चुलती राहते, सगळं गाव तिला नानी म्हणतं. ती तीन दिवस गप बघत होती. चौथ्या दिवशी म्हणाली, "आरं, चार माणसांचं घर तुमचं, जाळ किती ठिकाणी करता?"

तेव्हापासून आमचं घर एकाच जाळावर चालतं. थंडीतल्या गावाकडचा खर्च म्हणजे मुळात उष्णतेचा खर्च. आंघोळीचं पाणी, स्वयंपाक, शेक, सगळं तेच. जाळ एक ठेवला आणि दिवसाची कामं त्याच्या मागं लावली की बाकीचं आपोआप स्वस्त होतं. आमच्या घरात ते कसं जमवलं, ते क्रमानं सांगतो.

निघण्याआधी

चार माणसांना आठ दिवसांसाठी आम्ही बाजरी ५ किलो आणि ज्वारी ३ किलो नेतो. पीठ नाही, धान्य. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो, त्यामुळं पीठ आठवड्याभरात कडवट व्हायला लागतं. गावातल्या गिरणीत दोन वेळा दळून आणायचं, पहिल्या दिवशी एकदा आणि चौथ्या-पाचव्या दिवशी एकदा. गिरणीवर थांबलं की गावातल्या निम्म्या बातम्या कळतात, हा वरचा फायदा.

एका किलोत मध्यम आकाराच्या दहा-बारा भाकऱ्या होतात. थंडीत, उघड्या हवेत, मुलंसुद्धा दीड भाकरी खातात. त्यामुळं दिवसाला एक किलो हा हिशेब बरोबर बसतो. त्याबरोबर तूरडाळ १ किलो, मूगडाळ अर्धा, तांदूळ २, शेंगदाणे १, तेल १ लिटर, काळा मसाला, मीठ, चहापत्ती, दोन गड्डे लसूण. भाजी काहीही न्यायची नाही. साखर पावशेर पुरे, कारण गूळ तिथंच मिळतो.

काडेपेटी झाकणाच्या डब्यात ठेवा. दव पडतं, बाहेर ठेवलेल्या काड्या सादळतात. चुलीपुढं बसणाऱ्यासाठी जुने सुती कपडे लागतात. नायलॉनचं जाकीट घालून चुलीशी बसू नये. ठिणगी पडली की ते वितळून अंगाला चिकटतं. घरात जुन्या सुती साड्या असतील तर त्याही घ्या, त्यांचं काम पुढं येईल.

एसटीनं गेलात तर २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही. आमच्या घरात आई, बायको आणि मुलगी अशा तीन सवलती निघतात. पूर्ण तिकीट माझं एकट्याचं.

पहिला दिवस: दुपारपर्यंत काय व्हायला हवं

ऊन वर असताना पोचा. कुलूप काढल्यावर लगेच आत शिरायचं नाही. दार उघडून काठीनं उंबऱ्यावर चार वेळा आपटायचं, खिडक्या उघडायच्या आणि दहा मिनिटं थांबायचं. बंद घरात उंदीर असतात, आणि उंदरांमागं जे येतं तेही असतं. कोपरे, रचलेली भांडी, जुने बूट काठीनं हलवून घ्या. विंचू चावलाच तर मांत्रिक, चुना, कांदा असले प्रयोग न करता दवाखाना गाठायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं, तेव्हापासून उशीर न करता पोचलेला रोगी बहुधा वाचतो.

पेटीतल्या गोधड्या आधी उन्हात टाका. दुपारी एकदा उलटायच्या आणि चारच्या आत उचलायच्या. पाचनंतर हवेतला ओलावा त्या परत ओढून घेतात.

मग चूल. वर्षभरात मातीला भेगा पडलेल्या असतात. चाळलेली माती, थोडं शेण आणि मूठभर भुसा कालवून भेगा बुजवा आणि वरून पोतेरं फिरवा. ओली चूल पेटवली की भेगा परत उघडतात. म्हणून पहिल्या संध्याकाळचा स्वयंपाक आम्ही अंगणात तीन दगडांवर करतो, साधी मुगाची खिचडी. चुलीला वैल, म्हणजे बाजूचं दुसरं तोंड, असेल तर त्याची वाट मोकळी आहे ना हे काठी घालून बघा. आमच्या वैलात एकदा उंदरानं कापसाचं घर केलं होतं.

भांड्यांना बाहेरून माती-राखेचा पातळ लेप द्यायला विसरू नका. काजळी त्या लेपावर बसते आणि घासताना लेपाबरोबर निघते. हे नाही केलं तर सुट्टीतला रोजचा एक तास घासण्यात जातो, आणि तो कुणाचा जातो हे घरोघरी माहीत आहे.

पाण्याचं एकच लक्षात ठेवायचं. शेतातल्या मोटारीला थ्री फेज लाईट कधी दिवसा असते, कधी रात्रपाळीला. कोणत्या आठवड्यात कोणती पाळी हे शेजाऱ्यांना पाठ असतं. विचारून घ्या आणि लाईट असेल तेव्हा हौद भरून घ्या.

सरपण

सरपणाचे तीन प्रकार वेगवेगळे रचून ठेवा. पेटवण, जाळ आणि आर, म्हणजे निखारे.

पेटवणाला मागच्या साली ठेवलेल्या तुराट्या, वाळका उसाचा पाला, दाणे काढलेली मक्याची कणसं. जाळाला कपाशीच्या पऱ्हाट्या आणि शेवग्या-सुबाभळीच्या बारक्या फांद्या. या भराभर जळतात, भाकरीला तसाच जाळ लागतो. आर धरायला बाभळीचं जाड लाकूड आणि गोवऱ्या. बाभळीचे निखारे तास-दोन तास टिकतात.

ओलं लाकूड कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. पहिल्या वर्षी मी कौतुकानं बांधावरची ताजी तोडलेली बाभूळ ओढत आणली होती. तासभर फुंकणी फुंकली, सगळ्यांचे डोळे लाल झाले, भाताला उकळी फुटली नाही. लाकूड वाळलेलं आहे का हे दोन तुकडे एकमेकांवर आपटून कळतं. वाळलेलं खणखणतं, ओलं धपकन वाजतं. प्लॅस्टिकच्या पिशव्या पेटवणाला वापरण्याची पद्धत हल्ली गावात बोकाळली आहे. ती उचलू नका. तो धूर अन्नात जातो आणि मुलांच्या छातीतही.

दिवस चुलीच्या मागोमाग

पहाटे सहाला राखेखाली दाबलेला विस्तव उकरायचा. त्यावर तुराट्या ठेवून दोन फुंकरा मारल्या की जाळ धरतो, काडी लागत नाही. आधी चहा. मग त्याच जाळावर आंघोळीचा हंडा. आमचा तांब्याचा बंब आजी असतानाच मोडीत गेला. तुमच्याकडं असेल तर तो कचऱ्यावर, शेंड्यांवर, पालापाचोळ्यावर तापतो. तो दुसरा जाळ नानीलाही मान्य आहे. हंडा तापेपर्यंत घरातली सगळी माणसं आपोआप चुलीभोवती जमतात. डिसेंबरअखेर पहाटे पारा दहाच्या आसपास असतो, त्यामुळं कुणाला बोलवावं लागत नाही. वेगळी शेकोटी करायचं कारणच उरत नाही.

हंडा उतरला की डाळ चढवायची. साडेनऊ-दहाला डाळ वैलावर सरकवून मुख्य चुलीवर तवा. भाकऱ्या झाल्या की जाळ ओढून घ्यायचा आणि खाली उरलेल्या फुफाट्यात वांगं, रताळी, कांदे पुरायचे. वर दुधाचं भांडं ठेवायचं. मंद आरावर दोन तास तापलेल्या दुधावर जी साय येते, तिला गॅसवरच्या दुधाची साय ओळखसुद्धा दाखवणार नाही. दुपारी चुलीला विश्रांती. संध्याकाळी खिचडी किंवा सकाळची आमटी आणि भात. झोपताना एक जाड गोवरी निखाऱ्यांवर ठेवून राखेनं झाकायची, की पहाटेची सोय झाली.

बाजरीची भाकरी

मी पुरुष गडी चुलीपुढं बसलो की आमच्या आळीतल्या बाया अजूनही कुंपणाशी काही ना काही काम काढतात. पहिल्या चार भाकऱ्यांचे तुकडे झाले ते त्यांनी बघितलंय, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

बाजरीला गव्हासारखा चिवटपणा नसतो. पीठ बांधलं जातं ते गरम पाण्यानं, आणि मळण्यानं. एका भाकरीला दोन मुठी पीठ काठवटीत घ्या. कडकडीत पाणी मधोमध थोडं ओता, उलथन्याच्या दांड्यानं कालवा, मिनिटभर झाकून ठेवा. मग तळहाताच्या टाचेनं रगडायचं. बोटांनी नाही, टाचेनं. दोन-तीन मिनिटं रगडल्यावर गोळा गुळगुळीत होतो आणि कडा फाटत नाहीत. दर भाकरीचं पीठ वेगळं मळायचं, कारण मळलेला गोळा पडून राहिला की कोरडा पडतो. मी एकदा शहाणपणा करून आठ भाकऱ्यांचं पीठ एकदम मळलं होतं. पाचवीपासून थापताच येईना.

खाली कोरडं पीठ भुरभुरून थापा. एका हातानं थापायचं, दुसऱ्यानं कड सावरायची, आणि भाकरी काठवटीत आपली आपण फिरायला हवी. अडली तर खाली पीठ कमी आहे. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. लगेच ओल्या हातानं वरून पाणी फिरवा. पाणी सुकत आलं, पण पुरतं सुकलं नाही, तेव्हा उलटा. ही वेळ चुकली तर भाकरीला तडे जातात. दुसरी बाजू नीट शेकून झाली की तवा बाजूला करून भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांपुढं उभी करायची. तिथं ती फुगते.

पाणी नेमकं किती, असं मी नानीला विचारलं होतं. "हाताला इचार," म्हणाली. त्याचा उपयोग दोन वर्षांनी झाला. तोवर तुम्ही गोळा कानाच्या पाळीइतका मऊ ठेवा.

शेतातलं खाणं

या दिवसांत शेतात काय नसतं! तुरीच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून संध्याकाळी खायच्या. हरभऱ्याचे शेंडे खुडायला आलेले असतात. पाला आंबट असतो, त्याच्यावरची आंब धुतली जाऊ नये म्हणून आमच्याकडं तो धूत नाहीत. पण फवारणी झाली आहे का, आणि कधी, हे शेतकऱ्याला विचारल्याशिवाय आता तसं करू नका. घाट्यात दाणा भरला असेल तर सोलाण्याची आमटी: दाणे तव्यावर डाग पडेपर्यंत भाजायचे, लसूण-मिरचीबरोबर भरडायचे, फोडणी आणि पाणी. यापुढं मसाल्याची गरज नाही.

हे सगळं फुकट मिळतं असं मात्र नाही. शेतकरी पैसे घेत नाही, म्हणून आपण पिशवी भरायची असं होत नाही. डिसेंबर-जानेवारीत आमच्या पट्ट्यात उन्हाळी कांद्याची लागण चालू असते आणि माणसं मिळत नाहीत. आम्ही दोन सकाळी नानीच्या वाफ्यात रोपं लावतो. मुलगी पहिल्या वर्षी तासाभरात कंटाळली. आता ओळ सरळ आली की मागं वळून बघते. त्या दोन सकाळींवर आमची आठवड्याची भाजी आणि ताक येतं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सरळ बाजारभावानं पैसे द्यावेत.

दौंडच्या बाजूला गुऱ्हाळं खूप आहेत. गूळ तिथूनच घ्या, आणि मिळाली तर काकवीची एक बाटली. गडद तपकिरी गूळ घ्या. पिवळाधमक दिसतो तो बहुधा पावडर घालून उजळलेला असतो.

हुरडा, पण आपला आपण

हुरडा पार्ट्यांचे माणशी दर ऐकून मला दरवर्षी नवा धक्का बसतो. खरं तर लागतं काय, तर शेजाऱ्याच्या शेतातली दोन ओळी सुरती किंवा गुळभेंडी ज्वारी, दहा-बारा गोवऱ्या आणि एक मोकळी दुपार.

सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली ज्वारी नाताळाच्या सुमाराला हुरड्यावर येते. दाणा नखानं दाबून बघायचा. पांढरं दूध उडालं तर अजून आठवडा थांबा. हिरवा मऊ गोळा निघाला तर तोच हुरडा. नख रुतत नसेल तर ती भाकरीची ज्वारी झाली. कणसं भाजायच्या आधी तासभर, दांड्यासकट काढा. सकाळी काढून संध्याकाळी भाजली तर गोडी उतरते.

हातभर लांब, वीतभर खोल खड्डा काढून त्यात गोवऱ्या पेटवा. ही आगटी. धूर पूर्ण जाऊन लाल आर होईपर्यंत थांबायचं, आणि इथंच सगळे घाई करतात. मग कणसं निखाऱ्यांत खुपसून वरून गरम राख ओढायची. दोन-तीन मिनिटांत गोडसर वास सुटतो. काढून झटकायची आणि गरम असतानाच तळहातांत चोळायची. शहरी हातांना सुती फडकं लागतं, त्यात लाज नाही. सुपात फुंकून कोंडा उडवा. बरोबर शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, गूळ, दही. वर पाणी नको, ताक प्या. पोटभर हुरड्यावर पाणी प्यायलेला आमचा एक पाहुणा रात्रभर अंगणात फेऱ्या मारत होता.

मुलांचा खेळ सगळा राख चाळण्यात असतो. त्यांना पायांत बूट घालायला लावा. आगटी वरून विझलेली दिसते, आत ती दुसऱ्या सकाळपर्यंत गरम असते. निघताना पाणी ओतून खड्डा बुजवायचा.

रात्र

घमेल्यात निखारे भरून खोलीत ठेवायचे आणि दारं लावून झोपायचं, हे कधीही करू नका. कोळशाच्या वायूला वास नसतो आणि झोपेतलं माणूस उठत नाही. ऊब हवी तर गोधडी वाढवा. इथं त्या जुन्या साड्या कामाला येतात. गावात मजुरीनं गोधडी शिवून देणाऱ्या बायका आहेत. चार-पाच साड्या आणि मधे जुनं धोतर किंवा चादर एवढं द्यायचं. पहिल्या दिवशी दिली तर निघेपर्यंत होईलच असं नाही, पुढच्या फेरीला मिळते. आमच्या घरात आता माझ्या आईच्या, सासूबाईंच्या आणि एक नानीच्या साड्यांची अशा तीन गोधड्या आहेत. मुलगी नेमकी नानीची मागते, कारण तिला धुराचा वास येतो.

आमचा पट्टा उसाचा, म्हणजे बिबट्याचाही. अंधार पडल्यावर मुलांना उसाकडं एकटं सोडू नका. परसाकडं किंवा शेतात जाताना बॅटरी घ्या, बोलत जा. उसाच्या कडेला एकट्यानं वाकून, बसून काम करायचं नाही. बिबट्या दिसला तर गर्दी करून फोटो काढण्यापेक्षा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

भोगीचं सामान आणि तिळगूळ

संक्रांत सुट्टीनंतर येते, पण तिची तयारी गावातच होते. भोगीच्या भाजीला लागणारा पावटा, सोलाणे, घेवडा, वांगी आणि बोरं निघायच्या सकाळी खुडून घेतली, तर संक्रांतीपर्यंत टिकत नाहीत. म्हणून आम्ही दाणे सोलून फ्रीजरमध्ये टाकतो. नानीला हे पटलेलं नाही. भाजी मात्र चांगली होते.

तिळाचे लाडू निघायच्या आदल्या दुपारी चुलीच्या मंद आरावर करतो. तीळ अर्धा किलो, चिक्कीचा गूळ अर्धा किलो, भाजलेल्या दाण्यांचं कूट दोन वाट्या, किसून भाजलेलं सुकं खोबरं एक वाटी, वेलची. तीळ हलकेच फुगून तडतडायला लागले की लगेच उतरवा. पुढच्या मिनिटाला ते कडू होतात. गुळात चमचाभर तूप घालून पाक करा. थेंब गार पाण्यात टाकून बघा, त्याची घट्ट गोळी झाली की सगळं आत घालून उतरवा. तुपाचा हात घेऊन पटापट वळायचं. मिश्रण आवळलं तर भांडं परत आरावर धरा. चूल असल्याचा हा मोठा फायदा, ऊब कुठं जात नाही.

कुलूप

निघायच्या दिवशी सकाळच्या भाकऱ्यांनंतर नवं लाकूड घालायचं नाही. आर आपोआप उतरू द्यायचा. उरलेलं सरपण पडवीत न ठेवता नानीकडं टाकतो, कारण रचलेल्या लाकडात विंचू घर करतात. काठवट धुऊन उन्हात वाळवायची, ओली ठेवली तर तडकते. गोधड्या कडुनिंबाचा वाळका पाला घालून पेटीत.

सगळ्यात शेवटी राख. तिच्यात हात घालून, तळापर्यंत, ती गार असल्याची खात्री करायची. मग चाळून दोन डबे भरायचे. एक नानीच्या मुगात मिसळायला जातो, भुंगा लागू नये म्हणून. दुसरा आमच्याबरोबर एसटीत येतो, बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी. गेल्या वर्षी कंडक्टरनं डब्यात काय आहे विचारलं. मुलगी म्हणाली, "आमची चूल."